चारांपैकी एक

"पाणी देऊ? चहा देऊ? खिडकी उघडू? की पंखा बंद करू?"

सरांनी एकेक बोट उघडत चार पर्याय बायकोपुढे धरले. तिने चारही बोटांकडे नीट पाहिलं, जरा विचार केला आणि तिसरं बोट पकडलं. सरांनी लगेच खिडकी उघडली. बायकोने खिडकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती पाय ओढत पलंगावरच्या उघड्या बॅगेशी गेली आणि सरांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट डाव्या हाताने बॅगेत कोंबू लागली.

"अगं, तो माझा," सर म्हणाले. त्यांनी शर्ट हळूच काढून घेतला, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. "तुझा स्वेटर हा बघ. हा घाल."

सकाळपासून हे असंच चाललं होतं. आधी सरांचे मोजे बॅगेत गेले, मग दाढीचं सामान, मग वाचायचा चष्मा. सर एकेक वस्तू बाहेर काढत होते, ती एकेक आत घालत होती. दारात उभी असलेली धाकटी मेव्हणी हे बघत होती. ती काल संध्याकाळी गाडी घेऊन बहिणीला न्यायला आली होती, आणि आज दुपारी तिला निघायचं होतं.

"भाऊजी, ताई असं का करतेय?"

"गोंधळ होतोय तिचा," सर म्हणाले. "थेरपिस्ट म्हणाली नव्हती का? जवळजवळच्या गोष्टींची सरमिसळ होते. माझा चष्मा तो तिला तिचा वाटतो. शर्ट काय, स्वेटर काय, दोन्ही अंगातच घालायचे. म्हणजे चूक आहे, पण अगदीच भलतीकडे नाही. जवळची चूक आहे."

जवळची चूक म्हटल्यावर सरांच्या आवाजात थोडं कौतुकच आलं. त्यांचा सगळा जन्म जवळच्या चुकांवर गेला होता. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचा जो पेपर असतो, त्यात समानार्थी शब्दांचे प्रश्न येतात. एक शब्द द्यायचा, खाली चार पर्याय द्यायचे आणि त्यातला त्याच अर्थाचा शब्द ओळखायला सांगायचा. सर शिकवायचे ते एवढंच. व्याकरण शिकवायला दुसरे होते, उतारे सोडवून घ्यायला तिसरे होते. समानार्थी शब्द म्हटलं की सगळं गाव घराच्या पुढच्या खोलीतल्या त्यांच्या क्लासकडे बोट दाखवायचं. मुलं त्यांना ऑप्शनसर म्हणत. तोंडावर नुसतं सर म्हणत, पण भिंतीला कान असतात आणि सरांचे कान तर त्याहून तिखट होते. त्यांना ते नाव मनातून आवडायचं.

त्यांची पद्धत सोपी होती. चारांतले दोन पर्याय उघडउघड चुकीचे असतात, त्यांच्यावर काट मारा. उरलेल्या दोघांत जो जवळचा तो घ्या. "बरोबर शब्द शोधत बसू नका," ते फळ्यावर हात आपटून सांगत, "बरोबर शब्द देवालाही सापडत नाही. जवळचा शोधा." आणि दुसरा नियम असा की कोरं काही सोडायचं नाही. चुकल्याचे मार्क कापत नाहीत, मग हात आखडायचा कशाला? येत नसलं तरी खूण करायची. सरांच्या लेखी कोरी जागा सोडण्यासारखा करंटेपणा जगात दुसरा नव्हता.

हे क्लासपुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण सर दुकानात साबण घेताना आधी दोन वड्या बाजूला सारायचे. "आमचं लग्नपण असंच ठरलं," बायको पाहुण्यांना सांगायची. "तीन मुलींवर काट मारली, मी उरले." आणि सर गंभीरपणे म्हणायचे, "तू जवळची होतीस." यावर सगळे हसायचे, आणि सर सोडून सगळ्यांना कळायचं की ती थोडी खट्टू झाली आहे.

सगळे प्रश्नसंच ती टाइप करायची. इंग्रजी तिचंही चांगलं होतं, फक्त त्याचा तिने कधी गाजावाजा केला नाही. सर घाईघाईत प्रश्न लिहून द्यायचे आणि आतल्या खोलीतून तिची हाक यायची, "अहो, याचं उत्तर कुठाय?" सरांनी चार पर्याय लिहिलेले असत, पण खरं उत्तरच लिहायचं राहिलेलं असे. हे दर संचात एकदा तरी व्हायचं. ती हसून पाचवा शब्द विचारून घ्यायची आणि एक चुकीचा उडवून त्या जागी घालायची. मुलांपर्यंत सरांची चूक कधी पोचली नाही.

मग मागच्या थंडीत एका सकाळी टाइप करता करताच तिचा उजवा हात मांडीवर घसरला आणि तोंडातून भलताच शब्द आला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, पाय बराचसा सुधारला, हात थोडा सुधारला. शब्द मात्र विस्कटले ते विस्कटलेच. चमचा म्हणायचा असला की ती कात्री म्हणायची, दार म्हणायचं असलं की झाकण. आपण चुकलो हे तिला लगेच कळायचं आणि ती कपाळावर हात मारून घ्यायची. एकच शब्द धड शाबूत राहिला होता, तो म्हणजे "अहो".

"शब्द कुठे गेले नाहीत," गावातल्या दवाखान्यातली थेरपिस्ट म्हणाली होती. "सगळे आत आहेत. हात घातला की शेजारचा हाती येतो, एवढंच. तुम्ही त्यांना थेट विचारू नका. पर्याय द्या."

पर्याय द्या! सरांना हसावं की रडावं कळेना. इतके दिवस हवालदिल होऊन फिरणाऱ्या माणसाला कोणीतरी सांगितलं होतं की बाबा, हे तर तुझंच काम. त्या दिवसापासून घरात बोटांचा अंमल सुरू झाला. कपडे कोणते? भाजी कोणती? टीव्ही की रेडिओ की अंगण की झोप? बायको बोट धरायची आणि सर ते करायचे. एकही प्रश्न ती कोरा सोडत नसे. सर येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत, "आमचं अडत नाही काही."

पण मग मोठा प्रश्न आला. धाकटीच्या शहरात बोलण्याच्या उपचारांचं मोठं केंद्र होतं. तिथे रोज सराव करून घेतात, बोलणं बरंच परत येतं, पण काही महिने तिथेच राहावं लागतं. इथल्या थेरपिस्टने हात टेकले होते, "लवकर न्या, जेवढं लवकर तेवढं बरं." धाकटी फोनवर म्हणाली, "मी घेऊन जाते ताईला. तुमची परीक्षा तोंडावर आलीय, तुम्ही कुठे अडकताय?" सरांना ते पटलं. तरी त्यांनी बायकोच्या मर्जीबाहेर काही करायचं नाही असं ठरवलं. लहान फळा आणला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: अ, धाकटीकडे जायचं. ब, इथेच राहायचं. क, परीक्षा झाल्यावर जायचं. ड, घरी बाई ठेवून इथेच उपचार करायचे.

बायको फळ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. एकदा सरांकडे बघितलं, पुन्हा फळ्याकडे. शेवटी तिने 'अ'वर बोट ठेवलं.

"नक्की?" सरांनी विचारलं.

तिने मान हलवली, पण ती हो म्हणून की नुसतीच, हे सरांना सांगता आलं नसतं. त्यांनी धाकटीला फोन केला.

त्या दिवसापासून ती अस्वस्थ झाली होती. सरांच्या मागे मागे फिरायची, बाही धरायची. "अहो, ते... दोन. दोन चमचे. नाही, छे. दोन खुर्च्या!" सरांनी दोन चमचे आणले. तिने ते बाजूला ठेवले. सरांनी दोन खुर्च्या आणून शेजारी शेजारी मांडल्या. तेव्हा मात्र तिचा चेहरा उजळला. ती एका खुर्चीत बसली आणि दुसरीवर हाताने थोपटायला लागली. सरांनी क्षणभर विचार केला, आणि तिची बॅग आणून दुसऱ्या खुर्चीवर ठेवली. "बरोबर ना? सामान जवळ हवं?"

बायकोने बॅगेकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. सरांच्या डोक्यावरून गेलं सगळं. बोट तर तिने स्वतःच ठेवलं होतं! जायचं नव्हतं तर 'ब' होता, उशिरा जायचं तर 'क' होता. एवढे पर्याय समोर असताना माणसाने रडायचं कशाला?

"भाऊजी," आता धाकटी म्हणाली, "तिला यायचं नसेल तर तसं सांगा. मी जबरदस्तीने नाही नेणार."

"तिने स्वतः निवडलंय."

"निवडलंय हो. पण चेहरा बघा तिचा."

सरांनी चेहरा पाहिला. त्यांना तो नेहमीच वाचता यायचा असं नाही. "माझ्या क्लासची वेळ झाली," ते म्हणाले. "आज पेपर परत द्यायचेत. तू तेवढे माझे कपडे काढून ठेव बॅगेतून. ती पुन्हा घालेल."

पुढच्या खोलीत मुलं दाटीवाटीने बसली होती. परीक्षेआधीचा मोठा सराव पेपर झाला होता, आणि हा पेपर सरांनी पहिल्यांदाच स्वतः टाइप केला होता. एका बोटाने टाइप करताना त्यांची भंबेरी उडाली होती, पण जमलं होतं. त्यांनी गठ्ठा वाटला, मार्क वाचले, दोघांना झापलं, एकाची पाठ थोपटली. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा हात वर झाला. ही मुलगी प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायची, म्हणून सगळे तिला वकिलीण म्हणत.

"सर, तो अब्रप्टवाला प्रश्न."

"काय त्याचं?"

"अब्रप्ट म्हणजे अचानक ना? ध्यानीमनी नसताना होतं ते?"

"बरोबर."

"मग पर्यायांत 'सडन' नाहीये."

"असं कसं असेल? दे इकडे." सरांनी पेपर ओढून घेतला. शब्द होता अब्रप्ट, आणि खाली चार पर्याय: हार्ड, क्विक, शार्प, लाउड. सरांनी दोनदा वाचलं. उत्तर नव्हतं. ते टाइप करायचंच राहिलं होतं. आतून कुणी हाक मारली नव्हती, म्हणून राहिलं होतं. मार्क दिले तेही नेहमीप्रमाणे मनातल्या उत्तराची खूण धरून भराभरा दिलेले. कुणाचंच बरोबर आलं नाही याचं त्यांना तेव्हा नवलही वाटलं नव्हतं. प्रश्न अवघड पडला, एवढंच.

"किती जणांनी कोरा सोडला हा?" त्यांनी विचारलं.

एकही हात वर झाला नाही.

"क्विक कुणी लिहिलं?" बरेच हात वर गेले. "शार्प?" थोडे. कुणीतरी हार्डही लिहिलं होतं. शिस्तीत वाढलेली मुलं. सरांना सवयीने अभिमान वाटू लागला, पण तो मध्येच कुठेतरी अडकला.

"तू काय लिहिलंस?" त्यांनी वकिलिणीला विचारलं.

"क्विक."

"चूक आहे हे कळलं होतं तुला?"

"लिहितानाच कळलं होतं."

"मग तरी खूण केलीस?"

"सर, तुम्हीच सांगता ना, कोरं सोडायचं नाही, जवळचं घ्यायचं. मी जवळचं घेतलं." ती जरा चिडलीच. "आणि नाही म्हणून सांगायचं तरी कुठे? चौकोन चारच होते. सांगायला जागाच नव्हती."

मुलं हसली. सर हसले नाहीत. ते हातातल्या पेपराकडे बघत उभे राहिले. चौकोन चारच होते. त्यांना घरातला लहान फळा दिसला, आपल्या सुवाच्य अक्षरातला, आणि त्याच्यावर रेंगाळलेली तिची नजर. तिने तो फळा सोडवला होता. आयुष्यभर त्यांचेच पेपर टाइप केलेली बाई ती, तिने नियमाप्रमाणे दोन पर्याय काटले असतील, आणि त्यांच्या नियमाप्रमाणेच जवळच्यावर बोट ठेवलं असेल. मग खरं उत्तर काय होतं? ते कुठे लिहायचं राहिलं होतं?

मोजे. दाढीचं सामान. चष्मा. शर्ट.

ती सकाळपासून ओरडून सांगत होती, आणि ते एकेक अक्षर खोडून कपाटात ठेवत होते. त्यांना तिथल्या तिथे इतकी लाज वाटली की मुलांसमोर उभं राहवेना.

"बसा जरा," ते म्हणाले आणि खडू हातात तसाच घेऊन आत गेले.

बायको खुर्चीत बसली होती. बॅगेतून चौकड्यांची बाही बाहेर आली होती. "मी काढून काढून दमले भाऊजी," धाकटी म्हणाली, "ती ऐकतच नाही."

"राहू दे," सर म्हणाले. ते शेजारच्या खुर्चीवर बसले. बोटं उघडायची सवय इतकी होती की हात आपसूक वर आला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला. काय विचारावं ते त्यांना सुचेना. जन्मात कधी पर्यायांशिवाय प्रश्न विचारलेला नव्हता.

"अगं," ते म्हणाले, "मी पण यायचं का?"

बायकोने डाव्या हाताची मूठ करून त्यांच्या खांद्यावर मारली. मग आणखी एकदा, जरा जोरात. "अहो! किती... किती भांडी! किती वेळ... कुलूप, कुलूप, नुसतं कुलूप!" एकही शब्द जागेवर नव्हता. ती रडत होती आणि हसतही होती, आणि त्या भांड्याकुलपांतून सर आयुष्यात पहिल्यांदा तिची पोटभर बोलणी खात आहेत हे त्यांनाही कळत होतं, धाकटीलाही.

"चुकलं माझं," सर म्हणाले. "हे मी लिहिलंच नव्हतं."

"पण क्लास?" धाकटीने विचारलं. "परीक्षा?"

तो प्रश्न खराच होता. परीक्षा आली होती. एवढ्या मुलांना वाऱ्यावर सोडून जायचं म्हणजे पालक दारात उभे राहणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुन्हा परत आल्यावर क्लास असेल की नाही, कोण सांगणार? आणि क्लास नसला तर आपण कोण, हेही सरांना नीट माहीत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात दोन बाजू काटून पाहिल्या. काटल्या जाईनात. मुलं महत्त्वाची होती. ही महत्त्वाची होती. जवळचं कोणतं, हे विचारायचीसुद्धा त्यांना भीती वाटली, कारण उत्तर आता त्यांच्या खांद्यावर मूठ ठेवून बसलं होतं.

ते पुन्हा पुढच्या खोलीत गेले.

"मी आज दुपारी जातोय," सर म्हणाले. "काकूंबरोबर. काही महिने नसेन."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. वकिलीण उभी राहिली. "सर, परीक्षा तोंडावर आलीय!"

"हो."

"मग आमचं काय?"

सरांनी तोंड उघडलं. मुलं वाट बघत राहिली. काहीतरी सांगतील, तीनचार मार्ग तरी दाखवतील, नेहमी दाखवतात.

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "खरंच माहीत नाही. व्याकरणाच्या सरांना मी विचारतो. तुमच्या घरी फोन करतो. पण जातोय हे नक्की." मग ते म्हणाले, "आणि त्या अब्रप्टचा मार्क सगळ्यांना. चूक माझी होती."

काही मुलं चिडून उठून गेली. एकदोघे येऊन काकूंना लवकर बऱ्या व्हा म्हणून सांगा म्हणाले. वकिलीण शेवटपर्यंत बसून राहिली आणि जाताना म्हणाली, "हे बरोबर नाही केलं सर तुम्ही." सरांनी मान हलवली. तिचं म्हणणं त्यांना पटलं होतं, तरी जायचं ठरलं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात ते काही त्यांना उमगेना.

दुपारी गाडी निघाली. धाकटी गाडी चालवत होती, मागे हे दोघं. गाव मागे पडेपर्यंत सर सारखे फोनवर होते. एका वडिलांनी फोन आपटला, एका आईने काकूंना सांभाळा म्हटलं, व्याकरणाच्या सरांनी विचार करून सांगतो म्हणून सांगितलं. मग रेंज गेली.

रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे उघडं माळरान, मध्येच एखादी पत्र्याची शेड, तारांवर ओळीने बसलेले पक्षी, लांबवर धुराडं. बायको खिडकीशी बसली होती. तिने एकदम सरांची बाही ओढली.

"अहो, बटणं! बटणं बघा!"

सर तिच्या बाजूला झुकले. पक्षी असतील, की खांब, की त्या शेडच्या छपरावरचे खिळे, की आणखीनच काही, जे त्यांना दिसतसुद्धा नव्हतं. विचारलं असतं तर तिने त्यांतलं एखादं बोट धरलं असतं.

त्यांनी विचारलं नाही. ती जिकडे बघत होती तिकडे तेही बघत राहिले. बऱ्याच वेळाने तिने मान वळवली, तेव्हा त्यांनीही वळवली.